निदान

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं असतं. चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यात दुधाचा हिशेब: १, दीड, पाहुणे असले तर २. सिलिंडर लावला त्या तारखेला गोल. मावशी आल्या नाहीत की फुली. आणि २०२२च्या फेब्रुवारीपासून प्रत्येक चौकोनाच्या मधोमध आणखी एक आकडा असतो. २४. २६. २२. मधूनच एखादा ३४ आणि त्याखाली दोन रेघा.

नणंद एकदा पानं उलटता उलटता म्हणाली, "हे काय गं, आईची शुगर?"

"नाही, शेवंतीचे श्वास."

"म्हणजे?"

"मिनिटाला किती घेते ते. झोपेत."

तिने कॅलेंडर गुपचूप खिळ्याला परत अडकवलं आणि चहा टाकू का म्हणून विचारलं.

शेवंती म्हणजे आमचं मांजर. २०१८च्या नवरात्रात मंडईतून फुलं घेऊन आले, पिशवी जिन्यात ठेवून कुलूप काढत होते, तेवढ्यात हे तळहाताएवढं प्रकरण कुठूनसं येऊन शेवंतीच्या पुड्यावर बसलं. पांढरी, केशरी, काळी, अशी तिरंगी. डोळे चिपडांनी बंद, नाक भरलेलं, आणि आवाज असा की बंद नळातून हवा यावी. डॉक्टरांनी मांजरांचा फ्लू सांगितला. पिल्लांना सर्रास होतो म्हणाले. त्यातला एक विषाणू आपल्या नागिणीच्या विषाणूचा भाऊबंद, एकदा शिरला की बहुतेक मांजरांच्या अंगात जन्मभर दडून बसतो आणि जिवाला ताण पडला की डोकं वर काढतो. डोळे पंधरा दिवसांत उघडले. नाक मात्र पुरतं मोकळं कधी झालंच नाही. डाव्या नाकपुडीतून ती कायम जराशी सूं सूं करायची. आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं. घोरणारं मांजर! त्याचा व्हिडिओ काढून मी चार जणांना पाठवला होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मांजर ओकतं हे सगळ्यांना माहीत असतं. मांजर खोकतं हे मला माहीत नव्हतं.

चालता चालता ती मध्येच थांबायची. पोट जमिनीला टेकवायची, कोपरं बाहेर फाकवायची, मान पुढे ताणून फरशीला समांतर करायची आणि घशातून कोरडं खर्र खर्र काढायची. आठ-दहा वेळा. मग एक आवंढा गिळायची आणि काही घडलंच नाही अशा थाटात पंजा चाटायला लागायची. केसांचा गोळा अडकलाय, असं मी ठरवून टाकलं. ज्याच्या त्याच्या घरी मांजराला केसांचा गोळा होतच असतो. त्याची ट्यूबमधली चिकट पेस्ट आणली, शेजारच्या काकूंनी तूप चाटवायला सांगितलं तेही केलं. वर्षभर मी त्या गोळ्याची वाट बघितली. तो एकदाही पडला नाही, आणि पडत का नाही हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

मग जानेवारी २०२२. आमच्या शेजारची जुनी सोसायटी पुनर्विकासाला गेली होती. कोथरूडमध्ये राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पौड रस्त्यावर मेट्रोचं काम संपत आलेलं, गल्लीबोळांत पाडापाडी, आणि गॅलरीतल्या तुळशीच्या पानांवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ. रात्री अडीचला पाणी प्यायला उठले तर शेवंती ओट्याखाली बसलेली. तीच ती कोपरं फाकवलेली बैठक. पण तोंड उघडं. जीभ दिसत होती, आणि बरगड्यांमागे पोट भात्यासारखं आत-बाहेर होत होतं.

कुत्रं तोंड उघडून धापा टाकतं तेव्हा बहुतेक वेळा त्याला उकडत असतं, नाहीतर ते खूश असतं. मांजराने असं केलं तर वाहन शोधायला लागायचं. हे मला तेव्हा वाचून माहीत नव्हतं, बघूनच कळलं. नवऱ्याने कोविडात घेतलेला ऑक्सिमीटर आणला आणि तिच्या पंजाला लावला. ८२ आलं, मग ९७, मग दोन आडव्या रेघा. माणसाच्या बोटासाठी केलेलं ते यंत्र, केसाळ पंजात ते काय बघणार. पण त्या क्षणी त्यातल्या ९७वर विश्वास ठेवायला आम्ही दोघंही तयार होतो.

रिक्षावाल्याने पिंजऱ्याकडे बघितलं, मीटर टाकलं आणि वाटेत एका शब्दानेही काही विचारलं नाही. स्पीडब्रेकरवर मात्र रिक्षा अशी नेली जशी आत बाळंतीण आहे. चोवीस तास उघड्या असलेल्या त्या दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी पिंजरा घेतला, झाकण उघडलं आणि शेवंतीला तपासलंच नाही. काचेच्या पेटीत ठेवून ऑक्सिजन सुरू केला आणि दिवा मंद केला. मी म्हटलं, छाती तरी ऐका. त्या म्हणाल्या, "ताई, आत्ता तिला धरलं, आडवं केलं, तर ती हातातच जाईल. आधी जरा हवा मिळू दे." वीस मिनिटांनी तोंड मिटलं. मी काचेला नाक लावून बसले होते, माझ्या श्वासाने काच धूसर होत होती आणि मी ती बाहीने पुसत होते.

सकाळी आतून हाक आली, "शेवंतीची मम्मी कोण आहे?" मी सदतीस वर्षांची, मूलबाळ नाही, बँकेत नोकरी. मी हात वर केला.

तिथून पुढचे सात-आठ महिने आम्ही तपासण्यांच्या मागे होतो. ते सगळं सांगत नाही, कारण गोळाबेरीज एका ओळीत होते: जे नाही ते कळत गेलं. एक्स-रेमध्ये श्वासनलिकांच्या भिंती जराशा जाड दिसत होत्या, "असूही शकेल, नसूही शकेल" इतपत. एक्स-रे अगदी स्वच्छ आला असता तरी दमा नाही असं म्हणता आलं नसतं, हे त्याच डॉक्टरांनी वर सांगितलं. रक्तात एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी किंचित वाढलेल्या. त्या अॅलर्जीने वाढतात, जंतांनी वाढतात, पिसवांनीही वाढतात. हृदयाची सोनोग्राफी झाली, कारण मांजराच्या हृदयाचा स्नायू आतल्या आत जाड होत जातो आणि बाहेरून पत्ता लागत नाही. हृदय छान होतं. छातीत पाणी नव्हतं. फुप्फुसात राहणारे जंत असतात, गोगलगाईंतून आणि शिकारीतून येतात, त्यांच्यावरचं औषध देऊन झालं. डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचा कोर्स झाला. ती गोळी दिली की वर सिरिंजने पाणी पाजायचंच, नाहीतर मांजराच्या अन्ननलिकेत अडकून ती जागा भाजून काढते, हे शिकले. मानेची कातडी चिमटीत धरून अंगात किती पाणी शिल्लक आहे ते बघायला शिकले.

आणि स्टेथोस्कोपची एक गंमत. दवाखान्यातल्या टेबलावर शेवंती घुरघुरायची. खूश असल्यासारखी, मोठ्याने. मांजरं भीतीनेही घुरघुरतात, दुखत असलं तरीही. श्वास घेताना आणि सोडताना अखंड चालणाऱ्या त्या घुरघुरीत छातीतलं काहीएक ऐकू येत नाही. डॉक्टर अर्धा मिनिट थांबल्या, मग उठून बेसिनचा नळ सोडला. पाण्याच्या आवाजाने शेवंतीचे कान ताठ, घुरघुर बंद. तेवढ्या वेळात ऐकून घेतलं. इतक्या तपासण्यांमध्ये मला सगळ्यात आवडलेली तपासणी ही.

त्यांनी मला विचारलं होतं, "आवाज श्वास घेताना येतो की सोडताना?" घेताना येत असेल तर अडचण वर, नाकात-घशात. सोडताना येत असेल तर खाली, छातीत. इतका साधा प्रश्न, आणि वर्षभर शेजारी बसून मला उत्तर माहीत नव्हतं. पुढच्या वेळी झटका येईल तेव्हा व्हिडिओ काढा म्हणाल्या. काढला. जवळचं माणूस धापा टाकत असताना फोन समोर धरून उभं राहायचं, हा प्रकार करून बघितल्याशिवाय कळणार नाही. व्हिडिओत माझाच आवाज येतो, "हो हो हो, झालं झालं," आणि चित्र हलतं.

तो व्हिडिओ मी पंचवीस वेळा बघितला आणि मला काही कळेना. मग सोफ्यावर बसलेल्या सासूबाईंनी फोन मागितला.

आईंना चाळीस वर्षांचा दमा. लग्न होऊन वाईजवळच्या गावात गेल्या तेव्हा चुलीपुढे सुरू झाला तो अजून आहे. पुण्याला आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा शेवंती आधीच घरात होती, आणि आईंचा तिला विरोध होता. "मांजराचे केस छातीत जातात." खरं तर माणसाला त्रास होतो तो तिच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या एका प्रथिनाचा, केस नुसते वाहनं, पण हे सुनेने सासूला समजावून सांगायचे विषय नव्हेत. आईंच्या छातीच्या डॉक्टरांनी मांजर निजायच्या खोलीत नको एवढंच सांगितलं, आणि त्यावर तह झाला. त्या खोलीचं दार बंद, शेवंती दाराबाहेर, आणि दोघींची एकमेकींवर नजर.

आईंनी व्हिडिओ एकदाच बघितला. चष्मा वर केला.

"अगं, हिला श्वास घेता येतोय. सोडता येत नाहीये."

"म्हणजे?"

"लोकांना वाटतं दमेकऱ्याला हवा मिळत नाही. मिळते गं. आत जाते ती बाहेर निघत नाही. भरल्या घागरीत आणखी पाणी ओतायचं, तसं होतं. बघ, पोट कसं दाबतेय, ढकलतेय बाहेर." आणि त्यांनी पुढे झुकून दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकवली, खांदे वर घेतले, मान पुढे काढली. "मी अशीच बसते ना रात्री?"

अशाच बसतात. मी अकरा वर्षं बघतेय. ओट्याखाली शेवंती बसली होती तशाच.

डॉक्टरांना फोन करून मी सांगितलं, सोडताना. कुणी सांगितलं ते नाही सांगितलं.

स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. आठ दिवसांत खोकला थांबला आणि मी पेढे आणले. डॉक्टरांनी पेढा घेतला, पण म्हणाल्या, याने बरं वाटलं म्हणजे दमाच आहे असं सिद्ध होत नाही. स्टिरॉइडने बऱ्याच आजारांत बरं वाटतं. शिवाय नाकाचं काय? डाव्या नाकपुडीची सूं सूं तशीच होती. लहानपणीच्या फ्लूने नाकातली नाजूक हाडं कुरतडली असतील, किंवा आत मागे काही वाढलं असेल. म्हणजे एक आजार नाकात आणि दुसरा छातीत? की एकाचेच दोन हात? ते बघायला सीटी स्कॅन. छातीचं बघायला नळी आत घालून मिठाचं पाणी सोडायचं, परत ओढून घ्यायचं, त्यातल्या पेशी तपासायच्या. दोन्हीला भूल. आणि जिचा श्वासच बेभरवशाचा तिला भूल देण्यात जी जोखीम असते ती. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितली. कळेल बरंच काही. उपचार कदाचित हेच राहतील.

मी नाही म्हटलं.

तेव्हापासून 'तिचं निदान झालेलं नाही' हे वाक्य म्हणताना मी जराशी अडखळते. झालेलं नाही हे खरं, पण त्यातलं थोडं मी करू दिलेलं नाही. भीती होती, पैसेही होते. पहिल्या रात्रीपासूनची बिलं एका पाकिटात आहेत आणि ते पाकीट मी बेरीज न करता ठेवलंय. रात्री तीनला वाटतं की आत एखादी साधी गाठ असेल, काढून टाकली की संपलं, आणि मी घाबरटपणाने तिला जन्मभर औषधावर ठेवलंय. सकाळी तसं वाटत नाही. दोन्ही वेळचं खरंच असावं.

निदान हा शब्दही आपल्याकडे मोठा मजेशीर आहे. डॉक्टर म्हणतात तेव्हा रोगाचं नाव. घरात म्हणतो तेव्हा कमीत कमी. निदान दोन घास खा. निदान फोन तरी करायचास. पहिलं हाती नव्हतं म्हणून त्या वर्षी मी दुसऱ्यावर भागवलं. निदान जेवली. निदान रात्र निभावली. निदान गच्चीवरच्या कावळ्याला शिव्या घातल्या.

स्टिरॉइडची गोळी कायम ठेवणं बरं नाही. भूक खवळते (३ किलो ८०० ग्रॅमची शेवंती साडेचार किलो झाली), आणि मांजरांना त्याने मधुमेह होऊ शकतो. म्हणून डॉक्टर पंपावर आल्या. माणसाचाच स्टिरॉइडचा पंप, लहान मुलांचा स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचं नळकांडं, त्याला बाळाचा मास्क. औषध माणसाच्या दुकानातून घ्यायचं. चिठ्ठीवर लिहिलेलं: शेवंती, मांजर, मादी, वय ४. दुकानातला मुलगा गर्दीत ओरडला, "शेवंती कोण? पंप कसा ओढायचा माहितीय ना त्यांना?"

तिला माहीत नव्हतं, पण आईंना होतं.

शिकवणीला तीन आठवडे लागले आणि मी त्यात फक्त मदतनीस होते. आईंनी पहिले चार दिवस नुसता मास्क जमिनीवर ठेवला, त्यात सुकटीचा एक तुकडा. (घरात सुकट आईंना चालत नाही. त्यांनी ती मावशींकडून मागवली.) शेवंती त्यात नाक घालून खायला लागली. मग मास्क हातात. मग मास्क नाकावर, एक आकडा मोजेपर्यंत. मग तीन. पंपाचा फुस्स आवाज झाला की ती पलंगाखाली. मांजराच्या भाषेत तो शिवीगाळीचा आवाज, तोंडासमोर कोणी फिस्कारल्यासारखा. त्यावर आईंनी तोड काढली: पंप लांब धरून, पदराखाली, आधी स्पेसरमध्ये दाबायचा आणि मग स्पेसर तिच्याकडे न्यायचा. डॉक्टरांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, बरोबर, असंच करतात. आईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी दुसरीकडे बघितलं.

स्पेसरमधली झडप श्वासागणिक हलते. दहा वेळा हलली की झालं. हे औषध लगेच लागू पडत नाही, आठवडा-दोन आठवडे जातात, तोवर गोळी चालू ठेवून ती हळूहळू कमी करायची. झटका आलाच तर निळा पंप वेगळा, अस्थालिनचा. तो रोजचा नाही. आईंचा आणि शेवंतीचा अस्थालिन एकाच डब्यात राहू लागला; आईंच्यावर त्यांनी मार्करने 'मी' लिहिलं.

मग घर बदललं. शेवंतीच्या शी-शूच्या ट्रेमध्ये बेंटोनाइटची माती ओतताना जो पांढरा धुरळा उडतो तो बघून ती बंद, लाकडाच्या गोळ्यांची आणली. डासांची कॉइल गेली, मच्छरदाणी आली. फिनेल गेलं, ते मांजरांना तसंही विषारी. फोडणीच्या वेळी स्वयंपाकघराचं दार बंद, पंखा चालू. लोकांनी सुचवलेलं बरंच काही नाकारावं लागलं. एकांनी छातीला व्हिक्स चोळायला सांगितलं, एकांनी अर्धी क्रोसिन. व्हिक्स तिने चाटलं असतं. आणि पॅरासिटामॉलने मांजर मरतं, अर्ध्या गोळीनेही मरू शकतं, हे मात्र ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी कुठेतरी लिहून ठेवा.

राहिलं देवघर. सकाळ-संध्याकाळ उदबत्ती, गुरुवारी धूप. मी आठवडाभर शब्द जुळवत होते. शेवटी एका संध्याकाळी म्हटलं, "आई, उदबत्तीचा धूर तिला..."

"बंद करू," त्या म्हणाल्या. "निरांजन पुरे."

उदबत्तीचा पुडा उचलून त्यांनी माझ्या हातात दिला आणि हसल्या. "मलाही त्रास व्हायचा त्याचा. चाळीस वर्षं. कुणी विचारलं नाही, मीही बोलले नाही. देवाचं कसं बंद करायला सांगायचं?"

रागाने नाही म्हणाल्या. निरांजनाची वात नीट करता करता म्हणाल्या, आणि पुढे आरतीला लागल्या. मी पुडा घेऊन तिथेच उभी. त्या राहायला आल्यापासून या घरात रोज संध्याकाळी मीच उदबत्ती लावत होते, आणि मग त्या खोकत आपल्या खोलीत जायच्या, आणि मी म्हणायचे, आईंना संध्याकाळचा त्रास होतो. मांजरासाठी मी आठवड्यात घराचा धूर शोधून काढला. यावर मला काय वाटलं ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. इथेही जास्त लिहित नाही.

श्वास मोजण्याबद्दल सांगायचं राहिलं. झोपलेल्या मांजराचे श्वास मिनिटाला ३०च्या आत असावेत. पोट वर गेलं आणि खाली आलं की एक. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं, किंवा अर्धा मिनिट मोजून दुपटीने. रोज साधारण एकाच वेळी, गाढ झोपेत. आकडा चढायला लागला की झटक्याच्या आधी कळतं. पद्धत इतकीच आणि ती उत्तम आहे. बिघाड माझ्यात झाला. मी दिवसातून आठ वेळा मोजू लागले. ऑफिसातून घरातल्या कॅमेऱ्यावर मोजायचे; एकदा मीटिंगमध्ये साहेब काहीतरी विचारत होते आणि मी टेबलाखाली फोन धरून अठरा, एकोणीस करत होते. एकदा ४८ आले. मी टॅक्सीने घरी आले तर ती स्वप्नात होती, पाय थरथरत होते, मिशा नाचत होत्या, कुठलीतरी पाल स्वप्नात पळत होती. स्वप्नात श्वास वेडेवाकडे होतात, ते धरायचे नसतात. पुढे मला स्वतःचे श्वास ऐकू यायला लागले. ते ऐकू यायला लागले की घेता येत नाहीत.

डॉक्टरांनी त्यावर औषध दिलं: दिवसातून एकदाच. आणि लिहिण्याचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या.

दुसरं कोण असणार.

आई पहाटे पाचला उठतात. शेवंती त्या वेळी सोफ्याच्या हातावर गाढ असते. आई मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरतात, ओठ हलवत मोजतात, दुपटीने करतात आणि पेन्सिलने चौकोनात लिहितात. ३०च्या वर असलं तर रेघा मारतात आणि मला उठवतात. नसलं तर उठवत नाहीत. मी सहाला उठून आधी दारामागे जाते.

गेल्या जुलैमध्ये पावसाची झड लागली होती. घरभर ओले कपडे, भिंतीला ओल. नवरा नागपूरला. रात्री अकराला शेवंतीला झटका आला, बऱ्याच महिन्यांनी. तीच बैठक, तोंड मात्र मिटलेलं. निळा पंप, स्पेसर, दहा श्वास. मग थांबायचं. पिंजरा दाराशी ठेवला, रिक्षाचं अॅप उघडून ठेवलं. आई खोलीतून बाहेर आल्या. गुडघ्यांमुळे त्या वर्षानुवर्षं जमिनीवर बसलेल्या नाहीत. भिंतीला धरून, माझ्या खांद्यावर भार देऊन, त्या फरशीवर बसल्या, शेवंतीपासून दोन हातांवर. तिला हात लावला नाही. ओठांचा चंबू करून लांब, हळू श्वास सोडायला लागल्या, फूऽऽ, त्यांच्या फिजिओथेरपिस्टबाईंनी शिकवल्याप्रमाणे. मेणबत्ती हलली पाहिजे पण विझता कामा नये, तसा. पुन्हा. पुन्हा.

"आई, तिला कळणार आहे का ते?"

"तिला नाही गं," फूऽऽ, "मला धाप लागलीये उठून आल्याने." फूऽऽ. "पण बघते आहे ती."

बघत होती खरी. पंधरा मिनिटांनी बरगड्यांची ओढ कमी झाली, पंचविसाव्या मिनिटाला तिने मान खाली घेतली आणि एक पंजा चाटला. मला रडू आलं नाही, भूक लागली. फ्रिजमध्ये दहीभात होता तो आम्ही दोघींनी तिथेच खाल्ला. आईंना उठवायला मला एकटीला जमेना, तेव्हा स्टूल आणून दोन टप्प्यांत उठवलं.

दुसऱ्या दिवशी मी औषधाच्या दुकानातून पीक फ्लो मीटर आणलं, श्वास किती जोराने सुटतो ते मोजायचं. नळीत जोराने फुंकायचं, काटा सरकतो, तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा धरायचा. आईंच्या डॉक्टरांनी ते कधीच लिहून दिलं होतं, फाइलमध्ये तळाशी चिठ्ठी सापडली. आई म्हणाल्या, आता या वयात कशाला. मग फुंकलं. १९०. दुसऱ्यांदा २१०. तिसऱ्यांदा शेवंती मांडीवर चढायला बघत होती म्हणून हसू आलं, ते धरलं नाही.

शेवंतीला नेमकं काय झालंय ते अजून माहीत नाही. बँकेत कुणी विचारलं तर मी दमा म्हणते, लोकांना पुढे जायला बरं पडतं. नाकाची सूं सूं आहेच. या जानेवारीत डॉक्टर पुन्हा भुलीचा विषय काढतील, आणि मी पुन्हा महिनाभर विचार करीन.

आज सहाला उठले. पाऊस नाही. चौकोनात दूध दीड, शेवंती २४. खालचा आकडा अजून लिहिलेला नाही. आई गॅलरीत नळी हातात घेऊन बसल्यात, दूधवाला जाऊ दे म्हणाल्या, तो बघत उभा राहतो.